कुठे निघाली होतीस, एवढं तरी विचारा

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
बालकल्याण समिती (महाराष्ट्रातील सर्व जिल्हे)

प्रत माहितीसाठी: आयुक्त, महिला व बाल विकास, पुणे

विषय: घर सोडून निघालेल्या मुलांचं म्हणणं न ऐकता त्यांना परत त्याच घरी पाठवण्याबाबत

महोदय, महोदया,

जुलैमध्ये आमच्या शाळेत कुणाच्या तरी कंपासपेटीत ब्लेड सापडलं. म्हणून मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गांच्या पेट्या बघायला सांगितल्या. दहावीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या पेटीत कर्कटक, कोनमापक, दोन गुण्ये आणि त्यांच्याखाली दात घासायचा ब्रश होता. पेटीत बसावा म्हणून त्याची दांडी अर्ध्यात मोडली होती. मोडलेलं टोक टोचू नये म्हणून ते फरशीवर घासून गुळगुळीत केलं होतं. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "असू द्या बाई. कधी लागला तर." मला गंमत वाटली. मी हसले आणि पेटी बंद करून तिच्या हातात दिली.

तीन आठवड्यांनी ती घरातून निघून गेली.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत 22 वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते आहे. त्या ब्रशचा अर्थ मला कळायला हवा होता. कळला नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी आधीच लिहून टाकते. कारण या पत्रात मी तुमच्या चुका सांगणार आहे.

मुलीचं नाव, गाव, जिल्हा मी लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ती केली नसती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या समितीपुढे ती उभी राहिली तिचंही नाव घेत नाही. त्या दुपारी मी जे पाहिलं ते एकाच जिल्ह्यापुरतं असतं तर मी त्या एका समितीलाच अर्ज केला असता. तो केलाही आहे. पण नंतर मी इतर शाळांतल्या शिक्षकांशी बोलले, अंगणवाडीच्या ताईंशी बोलले, स्टँडवरच्या कंट्रोलरशी बोलले. नावं बदलतात, गोष्ट तीच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

झालं ते असं. गुरुवारी ती शाळेसाठी म्हणून निघाली आणि शाळेत आलीच नाही. संध्याकाळी जिल्ह्याच्या स्टँडवर उतरली. पुढची गाडी साडेसातला गेली होती, ती हिला मिळाली नाही. मग ती फलाटावरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. रात्री अकराच्या सुमाराला सुरक्षारक्षकाने पोलिसांना कळवलं. पोलीस तिच्याशी नीट वागले हे मुद्दाम सांगते. एका महिला पोलिसाने स्वतःच्या डब्यातली चपाती दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तिला समितीपुढे आणलं. म्हणजे कलम 31 मधली 24 तासांची अट तंतोतंत पाळली गेली.

वडिलांना फोन गेला होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये शाळेच्या फीच्या पावत्या, क्लासच्या फीची पावती, नववीचं प्रगतिपुस्तक, मुलीचं आधारकार्ड. शाळेच्या वतीने मला पाठवलं होतं. मी बाहेरच्या बाकावर होते आणि दार उघडंच होतं. मुलीला विचारलेले प्रश्न मला शब्दशः आठवतात. नाव काय? कितवीत? कोणाबरोबर आली होतीस? खरं सांग, कोणाबरोबर? मोबाइल कुठे आहे? कुणी मुलगा भेटणार होता का? वडील तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेले. नाव-इयत्ता सोडून बाकी सगळ्या प्रश्नांना तिने मान खाली घालून "नाही", "माहीत नाही" एवढीच उत्तरं दिली. मग एक सदस्य म्हणाल्या, "घर चांगलं आहे तुझं. वडील एवढा खर्च करतात. घरोघरी मातीच्या चुली असतात बाळा." वडिलांकडून हमीपत्र घेतलं. चार वाजता ती त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली.

त्यानंतर बारा दिवस ती शाळेत आली नाही. आली तेव्हा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आली. ऑगस्ट महिना होता.

आणखी आठवड्याने, वाचनालयाच्या तासाला, ती पुस्तकांच्या कपाटामागे माझ्याजवळ आली आणि एक वाक्य बोलली. "बाई, मी पळून नव्हते चालले. मी मावशीकडे चालले होते."

तिने मला भूगोलाच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. त्यावर एस.टी.च्या गाड्यांच्या वेळा पेन्सिलीने लिहिल्या होत्या. कुठून किती वाजता, कुठे बदलायची, तिकीट किती, अर्धं की पूर्ण. मावशीचा नंबर तिला तोंडपाठ होता. मावशी शिवणकाम करते, एकटी राहते, दीड खोली आहे. "मावशीकडे गेलं की तिथून शाळेचा दाखला मागवायचा आणि तिथे दहावी करायची", इथपर्यंत त्या पोरीने ठरवलं होतं. 15 वर्षांच्या मुलीने दोन महिने खपून केलेली ही तयारी आहे. कायद्याने ज्यांच्या हाती या मुलांची जबाबदारी दिली आहे त्या एकाही माणसाने तिला विचारलं नाही, की बाळ, तू कुठे निघाली होतीस?

त्या घरात काय आहे हे मी आता जाणते. आई-वडील ती पाचवीत असल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच घरात दोन चुली आहेत आणि दोघांच्या मधला निरोप्या ही मुलगी आहे. "पप्पांना सांग गॅस संपलाय." "तिला सांग, तुझ्या माहेराहून आण." हा निरोप आईला दिला की आईचा चिमटा दंडाला. न दिला तर वडिलांचा पट्टा. रात्री दोघं आपापल्या खोलीत जातात आणि ही मधल्या खोलीत झोपते, कारण दोघांपैकी कुणाच्याही खोलीत झोपली तर दुसऱ्याला राग येतो. दारू नाही, कर्ज नाही, उपासमार नाही. गावात त्या घराला मान आहे. वडील देवस्थानच्या कमिटीत आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ या पोरीच्या पाठीवर आवळलेली आहे.

हे सगळं समितीला कळायला जादू लागली नसती. वडिलांना अर्धा तास बाहेर बसवलं असतं तरी कळलं असतं.

आता माझं स्वतःचं थोडं लिहिते, कारण त्याशिवाय मी हे पत्र का लिहिते आहे ते समजणार नाही. 1994 मध्ये मी 14 वर्षांची होते आणि मीही घर सोडलं होतं. पितळी डब्यात दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन एका जंक्शनवर जाऊन बसले होते. मला आजोळी जायचं होतं, आजीकडे. हवालदार भला माणूस होता. चहा पाजला, बिस्किटं दिली, डोक्यावरून हात फिरवला. त्याने तीन गोष्टी विचारल्या: नाव, गाव, बापाचं नाव. संध्याकाळी काका आले. वाटेत त्यांनी मला बांगड्या घेऊन दिल्या. घरी पाहुणे बसले होते तोवर सगळे हसून बोलले. पाहुणे गेले आणि दार लागलं. पुढचं इथे लिहीत नाही. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात एकदाही हात वर केला नाही. अकरावीला वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा घर सुटलं, आणि मी जगले असं मी मानते.

तेव्हा आजचा कायदा नव्हता. आज आहे. 2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे आणि मी तो या चार महिन्यांत ओळ न् ओळ वाचला आहे. म्हणूनच माझा राग जास्त आहे. हवालदाराच्या हातात 1994 मध्ये भलेपणा सोडून काही नव्हतं. तुमच्या हातात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत.

माझ्या तक्रारी सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार मुलांना पालकांसमोर बोलायला लावण्याची आहे. ज्याच्या धाकाने मूल निघालं त्याच्याच मांडीला मांडी लावून बसवायचं आणि विचारायचं, "घरी काही त्रास आहे का?" कोणतं मूल हो म्हणेल? संध्याकाळी कोणाबरोबर जायचं आहे हे त्याला दिसत असतं. कायद्याच्या कलम 3 मध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1992 मध्ये मोहोर उमटवली, त्याच्या अनुच्छेद 12 मध्येही तेच आहे. ऐकून घेणं म्हणजे दप्तरी नोंद करणं एवढाच त्याचा अर्थ लावला तर त्या तत्त्वात काही उरत नाही. आमच्या मुलीच्या कागदावर लिहिलं आहे: "बालिकेस विचारणा केली असता तिने घरी जाण्यास संमती दर्शविली." ती संमती नव्हती. ती मान खाली घालून बसली होती.

मुलींच्या बाबतीत याहून वाईट होतं. पहिला प्रश्न "कोणाबरोबर?" हाच असतो. मुलगी घर सोडते ती कुणा मुलासाठीच, हे आधीच ठरलेलं असतं. एकदा का कुणी मुलगा नाही हे स्पष्ट झालं की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं आणि चौकशी तिथेच संपते. माझ्या डोळ्यांसमोर असंच झालं. मोबाइलमध्ये कुणाचा फोटो नाही, मग चला, किरकोळ प्रकरण. पट्ट्याचा मार किरकोळ नाही. त्याच कायद्याच्या कलम 75 मध्ये मुलाचा ताबा असलेल्या माणसाने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यात आई-बाप येतात. आणि जे मूल अशा माणसाजवळ राहतं त्याला कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणतो, मग ते घर कितीही चांगलं दिसो.

आणखी एक पद्धत मला फार खटकली. मूल गप्प राहिलं किंवा रडायला लागलं की म्हणायचं, "मग बालगृहात पाठवू का?" हा प्रश्न म्हणून विचारत नाहीत, धमकी म्हणून विचारतात. मूल घाबरतं आणि घर निवडतं. पण कायद्याने दोनच दारं ठेवलेली नाहीत. योग्य व्यक्तीकडे सोपवणं आहे, नातेवाइकाकडे ठेवणं आहे, प्रतिपालकत्व, म्हणजे दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं आहे. नातेवाइकाला भार वाटू नये म्हणून राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे महिन्याला 4,000 रुपये आहेत. शिवणकाम करणाऱ्या मावशीला यातलं काहीही मिळालं असतं तर मोठा आधार झाला असता. पण मावशी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

गृहचौकशीबद्दल तर काय लिहावं? कलम 36 प्रमाणे सामाजिक तपासणी 15 दिवसांत पूर्ण करायची आणि त्या अहवालाच्या आधारे पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश द्यायचा. इथे चार तासांत आदेश झाला. कुणी म्हणेल, कलम 40 मध्ये मुलाला घरी परत पोहोचवणं हाच मुख्य उद्देश सांगितला आहे. खरं आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की पालक मुलाचा सांभाळ करायला योग्य आहेत का हे ठरवूनच मूल त्यांच्या हाती द्यावं. फीच्या पावतीवरून ते ठरत नाही. घरात पाऊल टाकावं लागतं. मधल्या खोलीतली वळकटी बघावी लागते.

आणि घरी सोडल्यावर पुढे? काहीच नाही. ऑगस्टपासून आज डिसेंबरपर्यंत एकही माणूस त्या मुलीला भेटायला आला नाही. ना घरी, ना शाळेत. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करायचा असतो. आमच्या मुलीच्या फाइलमध्ये तो आहे का, हे मी अर्ज करून विचारलं. उत्तर आलेलं नाही.

1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनबद्दलही बोलायला हवं. 1996 मध्ये ही सेवा मुंबईत सुरू झाली तेव्हा तिच्यामागे रस्त्यावरच्या मुलांशी मैत्री करणारी माणसं होती. 2023 मध्ये ती सरकारकडे आली आणि 112 या आपत्कालीन नंबरला जोडली गेली. त्यामागे काही चांगला हेतू असेल. पण मुलांच्या मनात काय आहे ते सांगते. आमच्या शाळेच्या भिंतीवर हा नंबर रंगवलेला आहे. मी वर्गात विचारलं, कुणी कधी फोन केलाय का? एक मुलगा म्हणाला, "बाई, तिथे फोन केला की पोलीस घरी येतात ना?" सगळा वर्ग गप्प झाला. ज्या मुलाला आपल्या बापाला तुरुंगात घालायचं नाही, फक्त आजची रात्र दुसरीकडे झोपायचं आहे, त्याने कोणाला फोन करावा? हे मुलांना समजेल अशा भाषेत कुणीही सांगितलेलं नाही. मुलाला स्वतःच्या पायांनी समितीपुढे येता येतं, असंही कलम 31 मध्ये लिहिलं आहे. महाराष्ट्रातल्या किती मुलांना ते ठाऊक असेल? मला स्वतःला सप्टेंबरपर्यंत ठाऊक नव्हतं.

शाळाही यातून सुटत नाही. आमच्याकडे तक्रारपेटी आहे, 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही आहे. पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला मला एक दिवस लागला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं सांगितलं. आमच्या शाळेत सहाशेच्या वर मुलं आहेत. समुपदेशकाचं काम मराठीच्या बाई करतात, म्हणजे मी, आणि मला ब्रशसुद्धा ओळखता आला नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. तुम्ही पाच जण आहात, काही जिल्ह्यांत तेवढेही नाहीत. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक यांच्या जागा रिकाम्या असल्याच्या तक्रारी मी तुमच्याच लोकांच्या तोंडून ऐकल्या आहेत. गृहभेटीला जायचं तर गाडी नाही, स्वतःच्या खिशातून पेट्रोल. त्या दुपारी रांगेत आणखी मुलं होती: एक स्टेशनवर सापडलेला लहानगा, बालविवाहातून सोडवून आणलेली एक मुलगी, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी नातेवाइकाकडे ठेवलेली दोन भावंडं. बाकीच्यांपुढे इस्त्रीच्या शर्टातल्या बापाची मुलगी तुम्हाला कमी दुःखी वाटली असेल. हे मी समजू शकते.

आणि हेही मान्य करते की बहुतेक मुलांनी घरीच जायला हवं. परीक्षेत नापास झालं म्हणून, मोबाइल काढून घेतला म्हणून, मुंबई बघायची म्हणून निघालेली मुलं असतात. रेल्वे सुरक्षा दल ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत फलाटांवरून मुलं सुखरूप परत आणतं, त्यातल्या कित्येकांच्या आयांनी चार-चार दिवस अन्न घेतलेलं नसतं. गरीब आहेत म्हणून कुणाचं मूल काढून घ्यावं असं तर मी स्वप्नातही म्हणणार नाही. उसाच्या फडावर कोपीत राहणाऱ्या कितीतरी आईबापांजवळ मुलं सुखात असतात. माझं म्हणणं फक्त इतकं आहे, की कोणतं मूल मुंबई बघायला निघालं आणि कोणतं जीव वाचवायला निघालं हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि विचारायला पैसे लागत नाहीत.

म्हणून माझ्या मागण्याही साध्या आहेत. यातल्या पहिल्या चार उद्यापासून सुरू करता येतील, त्यांना ना शासन निर्णय लागतो ना निधी.

1. प्रत्येक मुलाशी किमान अर्धा तास एकट्याने बोला. पालक, नातेवाईक, पोलीस सगळे दाराबाहेर, आणि दार बंद. मुलगी असेल तर समितीतल्या महिला सदस्याने बोलावं.

2. चार प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि उत्तरं मुलाच्या शब्दांत लिहिलीच पाहिजेत: का निघालास? कुठे निघाला होतास? कोणाकडे राहायला आवडेल? परत घरी गेलास तर आज रात्री काय होईल असं वाटतं? "संमती दर्शविली" हे वाक्य कागदावरून काढून टाका.

3. मुलाने मारहाणीचं किंवा भीतीचं एक अक्षर जरी सांगितलं, किंवा ते काहीच बोललं नाही, तर गृहचौकशी झाल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका. तोपर्यंत त्याने सांगितलेल्या आजीला, मावशीला, मामाला फोन लावा. त्या माणसाची खातरजमा करा आणि मूल तिथे ठेवा. बालगृह सगळ्यात शेवटी, आणि धमकी म्हणून कधीच नाही.

4. घरी सोडलेल्या मुलाची भेट आठ दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी घ्या, आणि ती शाळेत घ्या. घरी घेतलेल्या भेटीत मूल तेच बोलेल जे त्याला बोलायला सांगितलेलं असेल. आम्ही शिक्षक खोली रिकामी करून देऊ. आम्हाला फक्त एक पत्र पाठवा, की या मुलाकडे लक्ष ठेवा आणि काही दिसलं तर या नंबरवर कळवा. आज शाळेला काही कळवण्याची पद्धतच नाही. बारा दिवस गैरहजर राहिलेली मुलगी आजारी आहे असं घरून सांगितलं गेलं आणि आम्ही हजेरीपटात "आजारी" लिहिलं.

5. आयुक्त महोदयांना: समित्यांच्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांच्या रिकाम्या जागा भरा, गृहभेटीचा प्रवासखर्च वेळेवर द्या. बालसंगोपन योजनेचे अर्ज समितीच्या टेबलावर ठेवा, म्हणजे नातेवाइकाकडे मूल ठेवलं त्याच दिवशी अर्ज भरला जाईल. आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत मुलांच्या भाषेत एक फलक लावा: तुला घरी भीती वाटत असेल तर तू स्वतः समितीकडे येऊ शकतोस, समिती अमुक ठिकाणी अमुक दिवशी बसते. 1098 ला फोन केल्यावर नेमकं काय होतं आणि काय होत नाही, तेही लिहा.

ज्या समितीपुढे आमची मुलगी आली होती त्यांना एक वेगळी विनंती. माझा अर्ज तुमच्याकडे 9 सप्टेंबरपासून पडून आहे. सोबत मावशीचं संमतीपत्र, तिच्या घराचा पत्ता आणि मुलीच्या हजेरीचा उतारा जोडला आहे. मुलीला पुन्हा बोलवा. समितीपुढे न आणलेल्या मुलांपर्यंत स्वतःहून पोहोचण्याचं काम कायद्याने तुम्हाला दिलं आहे, मग एकदा येऊन गेलेल्या मुलीपर्यंत पोहोचायला अडचण नसावी. जानेवारीअखेर काही हालचाल झाली नाही तर मी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करणार आहे आणि राज्य बालहक्क आयोगाकडेही लिहिणार आहे. हे धमकावायला सांगत नाही. तिची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे आणि माझ्याकडे वेळ नाही.

हे पत्र छापण्याआधी मी तिला वाचायला दिलं. तिने मधल्या सुटीत, जिन्याखाली उभं राहून सगळं वाचलं. एक वाक्य खोडायला सांगितलं, आईबद्दलचं होतं, ते मी खोडलं. मग विचारलं, "बाई, एक लिहू का?" आणि माझंच पेन घेऊन समासात लिहिलं. ते जसंच्या तसं इथे देते:

"मला पप्पांना शिक्षा नको आहे. मला मावशीकडे राहून दहावी करायची आहे. मावशी हो म्हणाली आहे."

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका